दुसऱ्या बाजूचं वजन

प्रिय साहेब यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. (‘साहेब’ वाचून दचकू नकोस, खुलासा खाली येतोय.) मायना लिहितानाच माझी पंचाईत झाली. तीर्थरूप म्हणावं तर तू माझ्याहून धाकटा, चिरंजीव म्हणावं तर तुझ्या डोक्यावर कंगवा फिरवण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही, आणि नुसतं ‘श्री.’ लिहिलं तर विजेचं बिल आल्यासारखं वाटतं. आपल्या माणसाला मायन्यात काय लिहायचं ते आम्हाला शाळेत शिकवलंच नाही, रजेचा अर्ज मात्र दरवर्षी शिकवला. असो. इकडे सर्व क्षेम. तुझी तब्येत कशी आहे? कुंड्यांना पाणी घालतोस ना? वजनाच्या काट्यावर उभा राहताना अजून भिंतीला हात टेकतोस का? (टेकतोस. मी दाराच्या फटीतून पाहिलंय. काटा फसतो रे, पॅन्टचं बटण फसत नाही.)

फोनवर मी तुटक बोलतो म्हणून तू फुरंगटून बसला आहेस, हे मला इतक्या लांबूनही दिसतंय. पण माझी बाजू ऐक. आमच्याकडे मोबाइलला रेंज येते ती फक्त दुकानाच्या दारात, आणि दुकानाच्या दारात गल्ल्यावर काका बसतात. काकांना जवळचं दिसेनासं झालंय, त्याची भरपाई त्यांनी कानांनी केली आहे. पहिल्या दिवशी तू फोन करून “जेवलास का?” विचारलंस, काकांनी मान कलती केली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “हो साहेब.” झालं! तेव्हापासून घरादाराची समजूत आहे की माझा वरिष्ठ मला सकाळ-संध्याकाळ फोन करून छळतो. काकूंच्या मते असा माणूस नरकात जातो. काकांचं मत उलट. ते म्हणतात, माझा सख्खा थोरला भाऊ (म्हणजे आमचे बाबा) उभा जन्म माझा मालक आहे, त्यानं एकदा तरी विचारलं का जेवलास म्हणून? परवा तू फोन ठेवताना जे काही लाडात येऊन म्हणालास, त्यावर मी ताठ उभं राहून “येस सर” म्हटलं. आई शेजारीच होती. तिचा ऊर भरून आला.

आता मुद्द्याचं. निघताना तुला शब्द दिला होता की या खेपेला बाबांना सांगितल्याशिवाय परत येणार नाही. सांगायचं ते एवढंच, की तिकडे माझ्याबरोबर राहतो तो भाडं वाटून घेणारा मित्र नाही, माझा जोडीदार आहे, आणि आम्ही म्हातारेही एकत्रच होणार आहोत. वाक्य छोटं आहे. मी त्याचा सराव विमानतळावरून येताना टॅक्सीवाल्यावर केला. (प्रवाशांसाठी सूचना: अवघड गोष्ट आधी टॅक्सीवाल्याला सांगावी. त्याला मागे वळून बघता येत नाही.) तो सगळं ऐकून म्हणाला, “बरं. काच वर घ्या, धूळ येतेय.” मला वाटलं, झालं की, एवढं सोपं असतं! पण बाबा म्हणजे टॅक्सीवाला नव्हेत. बाबा ओरडतील अशी भीती नाही मला, ते ओरडतच नाहीत. ते गप्प बसतात. मान खाली घालून टाके घालत राहतील आणि पुन्हा कधी ‘घरी ये’ म्हणणार नाहीत, याची भीती वाटते. खरंच वाटते रे, या वयातही.

तुला आमचं घर माहीत नाही, तेव्हा थोडा भूगोल सांगतो. आमचा गाद्यांचा कारखाना आहे हे तुला ठाऊक आहे. पण ‘कारखाना’ ऐकून तू जे डोळ्यासमोर आणलं असशील ते पुसून टाक. पुढे दुकान, मागे कापूस पिंजायच्या मशीनची खोली, आणि वर आम्ही. कापूस तिन्हीकडे. चहात कापूस, वर्तमानपत्रात कापूस, काकांच्या भुवयांत तर कायमचाच. मी मोठ्या ऐटीत नवा काळा कोट घालून आलो होतो, की पोरानं नाव काढलं असं वाटावं. पाणी पिऊन होईपर्यंत माझी मेंढी झाली. तेव्हा कुणीही इकडे यायचं झाल्यास काळे कपडे आणू नयेत, हा माझा पहिला आणि कळकळीचा सल्ला. (तुला आणायचं नाहीच आहे. सर्वसाधारण प्रवाशांसाठी सांगतोय.)

दुसरं म्हणजे, दुकानात कशावरही टेकू नये. आमच्याकडे माणसाला बसवून ओळखत नाहीत, झोपवून ओळखतात. टपालवाला, बँकेतला माणूस, कोणीही येवो, बाबा त्याला एका नमुन्याच्या गादीवर आडवा करतात आणि स्वतः डोक्याशी उभे राहून विचारतात, कंबर टेकते का? पहिल्या दिवशी मीही सहज टेकलो. विमानातल्या जागरणाचा शीण होताच, तिथेच घोरायला लागलो. उठलो तेव्हा दुकानाच्या काचेबाहेर माणसं उभी होती आणि काका त्यांना सांगत होते, बघा, परदेशातून इथे झोपायला येतात लोक.

मला मात्र कापसाचा लहानपणापासून त्रास. मशीनच्या खोलीत पाऊल टाकलं की शिंका. म्हणून बाबा मला तिथे येऊच द्यायचे नाहीत, वर जा, अभ्यास कर. घरातले सगळे दिवस-दिवस त्या खोलीत, आणि मी वर एकटा भूगोल पाठ करत बसलेला. (भूगोल इतका पाठ झाला की देशच सोडला.) मशीनचा आवाज असा, की शेजारी भांडण झालं तरी ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळायचं.

मध्येच काकूंनी एक स्थळ आणलं. नको म्हणायला मला उसंतच दिली नाही. आम्हाला खोळीचं कापड पुरवतात त्या व्यापाऱ्यांची पुतणी, शिकलेली, हसतमुख, बिचारी. बोलणी सुरू व्हायच्या आधीच बाबांनी सवयीनं आम्हा दोघांना शेजारशेजारच्या दोन गाद्यांवर आडवं केलं. आम्ही दोघं छताकडे बघत पडून राहिलो. ती म्हणाली, “मला जरा कडक लागते.” मी शिंकलो. एवढाच आमचा संवाद. मुलगी हुशार, जाताना माझ्याकडे बघून हळूच हसली. मला वाटतं तिचंही काहीतरी वेगळंच चाललं असावं. देव तिचं भलं करो.

त्या शिंकेनंतर मी मनाशी ठरवलं, आता नाही तर कधीच नाही. आणि तुला पटणार नाही, मी सांगितलं! दुसऱ्याच दिवशी दुपारी नाकाला रुमाल लावून मशीनच्या खोलीत शिरलो. मशीन चालू होतं. आई कापूस घालत होती, काकू खोळी उलटवत होत्या, काका पलीकडे काहीतरी मोजायचं नाटक करत होते. बाबा खाली बसून गादीला टाके घालत होते. मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो, रुमाल काढला आणि एका दमात सगळं बोललो. आपण कसे भेटलो ते. तू दूध करपवतोस ते, बेसूर गातोस ते, मी आजारी होतो तेव्हा तू कसा उशाशी बसून राहिलास ते. मी सुखात आहे, आणि तुम्ही त्याला एकदा बघावं एवढीच माझी इच्छा आहे, हेही सांगितलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. बाबा सुई थांबवून सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांचे ओठ हलले, दोरा दातांनी तोडत असावेत, आणि त्यांनी माझ्या हातात दोऱ्याचं रीळ दिलं. म्हणजे माझा अवतार बघून त्यांची समजूत झाली की मी मदतीला आलोय. त्या घरघराटात त्यांना एक अक्षर ऐकू गेलं नव्हतं. मी रीळ धरून बसलो थोडा वेळ, मग वर जाऊन तोंड धुतलं.

आता सांगितलं पण ऐकलं गेलं नाही, याला शब्द पाळणं म्हणतात का, ते तू एखाद्या वकिलाला विचार. पुन्हा बोलायचा धीर मात्र मला झाला नाही. बाकी त्यानंतरचे दिवस बरे गेले. काकूंनी स्थळांचा नाद एकदम सोडला. (माझ्या शिंकांची ख्याती पसरली असणार.) काका तुझा फोन आला की आता स्वतःच ओरडतात, “अरे, साहेबांचा फोन!” आणि भर उन्हात रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहतात. म्हातारपणी माणूस विक्षिप्त होतो. आईनं माझ्या अंथरुणावर आणखी एक उशी आणून ठेवली. मी म्हटलं मला एक पुरते. ती म्हणाली, असू दे. वर विचारते कशी, एवढी ऐसपैस गादी, आणि तू कडेला जीव मुठीत धरून का झोपतोस? मी म्हटलं, सवय. ती “हं” म्हणाली आणि दिवा मालवून गेली.

तर असं आहे. पंधरा दिवसांनी निघतो. तुला काय तोंड दाखवू ते कळत नाही. तू चिडशील, दोन दिवस बोलणार नाहीस, मग दूध करपवून ठेवशील आणि मी ते मुकाट्यानं पिईन. पण एक सांगतो, रागावून सांगतो असं समज हवं तर. तू इथे यायचा हट्ट आता सोड. इथे धूळ आहे, आवाज आहे, ओळख ना पाळख, माणूस तुला आडवा करून कंबर टेकते का विचारतो, पानात वाढताना ‘पुरे’ या शब्दाला कोणी विचारत नाही, आणि तुला इथे मी काय म्हणून ओळख करून देऊ? साहेब म्हणून? मला ते जमणार नाही. त्यापेक्षा आपण दोघं आपल्या घरी बरे.

काकांकडून, काकूंकडून साहेबांना नमस्कार. लोभ आहेच, तो माझा नालायकपणा बघूनही आटू देऊ नये.

तुझा,
कडेला झोपणारा

ता. क. – वरचं सगळं लिहून पाकिटात घालणार तोच बाबांनी खाली हाक मारली. दुकान बंद होतं, मशीन बंद होतं. त्यांनी एक नवी खोळ कापून शिवली होती, ती जमिनीवर पसरलेली. डबल. म्हणाले, तुझ्यासाठी भरतोय. मी म्हटलं, बाबा, माझ्याकडे पलंग लहान आहे. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, “दुसऱ्या बाजूचं वजन किती?” (दोघांच्या गादीत दोन्ही बाजूंना कापूस सारखा भरत नाहीत, हे मला आज कळलं. भारी माणसाच्या अंगाखाली जास्त दाबून भरतात, नाहीतर हलका माणूस रात्रभर त्याच्याकडे घरंगळत जातो.) मी म्हटलं, कुणाचं वजन? बाबा म्हणाले, “त्याचंच. त्या दिवशी दूध करपवतो म्हणालास, बेसूर गातो म्हणालास, वजन तेवढं सांगितलं नाहीस.” मी कसाबसा म्हणालो, पण मशीन चालू होतं! तर ते म्हणाले, “मशीन बंद असताना या घरात कधी कोण बोललंय?” अरे, ही माणसं आयुष्यभर एकमेकांच्या ओठांवरून बोलणं वाचत आलीयेत! वर भूगोल पाठ करणाऱ्याला हे कोण सांगणार? मी एकट्या बाबांना सांगत नव्हतो, आई-काका-काकू सगळ्यांना एकदमच सांगत होतो. तेव्हा कृपा करून भिंतीला हात न टेकता काट्यावर उभा राहा आणि खरं वजन कळव. चुकलं तर मी घरंगळत येईन. (काकू म्हणतात, थोडं चुकलेलंच बरं असतं.)

ता. क. २ – मग मी बाबांवर चिडलो. म्हटलं, कळलं होतं तर तेव्हाच काही बोलला का नाहीत? मी इतके दिवस मेलो ना इथे! ते म्हणाले, बोललो की. तुझ्या तोंडावरच बोललो. (तो दोरा तोडत नव्हते तर.) मी विचारलं, काय बोललात? ते उठले, मागे जाऊन मशीन चालू केलं, माझ्यासमोर उभे राहिले आणि तेच पुन्हा बोलले. मला नाहीच वाचता आलं, माझे डोळे भरलेले, त्यात शिंका. शेवटी मशीनच्या आवाजानं खाली आलेल्या आईनं माझ्या कानाशी तोंड आणून ओरडून सांगितलं. बाबा म्हणत होते, “त्याला घेऊन ये.”

ता. क. ३ – वजन कळवू नकोस. बाबा म्हणतात, पत्रातून वजन कळवणारी सगळी माणसं खोटं कळवतात. खोळ तशीच उघडी ठेवलीय, तू येऊन आडवा झालास की भरायची. मी निघणं पुढे ढकललंय. तिकीट काढ. काळे कपडे आणू नकोस.