कमठ्याची डावी बाजू

आबा,

काल शेजारच्यांचा वादळात पडलेला फणस तोडायला एक माणूस यंत्राची करवत घेऊन आला होता. बुंध्याखाली एक कोवळं झाड कमानीसारखं वाकून अडकलं होतं. ते दिसलं आणि मी गॅलरीतून ओरडले, की बाहेरच्या बाजूने कापू नकोस. तो हसून म्हणाला, त्याला माहीत आहे. मग त्याने आतल्या बाजूने थोडंथोडं तासलं, ते झाड हळूहळू सैल पडलं आणि काहीच झालं नाही. घरात सगळे म्हणाले, निवृत्त झाली तरी हिची शिकवायची खोड जात नाही. मी आत येऊन बसले. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली याचा हिशेब मी करत नाही, पण काल तो करावासा वाटला.

तुम्ही कमठे करायचात. आंब्याच्या दिवसांत वानर हाकायला संगमेश्वरापासूनचे बागायतदार तुमच्याकडून बांबूचा कमठा, म्हणजे गोळी मारायचं धनुष्य, न्यायचे. दुहेरी दोरी, मधे चामड्याची चकती, तिच्यात सुकवलेल्या मातीची गोळी. बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचा, म्हणजे भुंगा लागत नाही. मग वर्षभर चुलीवरच्या माळ्यावर धूर खायला ठेवायचा. आई म्हणायची, ह्या घरात माणसांपेक्षा बांबूची सरबराई जास्त. तुमचा नियम मात्र एकच होता. बांबूची पाठ, म्हणजे बाहेरची गुळगुळीत साल, तिला हत्यार लावायचं नाही, तासायचं ते पोटाकडून. "वाकलेल्याची सगळी ताकद पाठीत असते गो," असं तुम्ही सांगायचात आणि मी मान डोलवायची. काम झालं की कमठा पडवीतल्या खुंटीला अडकवायचा, दोरी खाली ओढून धरायची आणि दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते बघायचं. तुमच्या डाव्या डोळ्यात लहानपणी आलेल्या देवींनी फूल पडलं होतं. जे काही बघायचं ते उजव्यानेच.

साल ब्याऐंशी की त्र्याऐंशी. वैशाख होता, पावसाळ्याची लाकडं भरायची होती. वळवाच्या वाऱ्याने परसामागचा किंजळाचा वृक्ष आडवा झाला होता आणि त्याच्याखाली मनगटाएवढ्या खोडाचा कोवळा ऐन वाकून जमिनीला टेकला होता. तुम्ही बुंध्याच्या पलीकडे फांद्या छाटत होतात. सकाळपासून तुमचं चाललं होतं, कोयती अशी धर, पाय तिथे ठेवू नको. मी रत्नागिरीला राहून डी.एड. करून आलेली. चाळीस पोरांना शिकवायला निघालेल्या बाईला लाकूड तोडायला कुणी का शिकवावं? मी त्या ऐनाच्या पाठीवर एक घाव घातला. तुम्ही बघितलंत. "थांब गो. पाठीवर नको, पोटातनं सोल." शहाण्याला शब्दाचा मार, असं म्हणतात. मला तुमचा शब्द न् शब्द ऐकू आला होता. तुम्ही माझा हात धरायला बुंध्यावरून वाकलात आणि मी दुसरा घाव घातला. ऐन सुटला. मला खरचटलंसुद्धा नाही. तुम्ही दोन्ही हातांनी उजवा डोळा धरून खाली बसलात आणि तो ऐन तुमच्यासमोर सरळ उभा राहून हलत होता.

डॉक्टरांनी आधी जखम बघितली, मग डावा डोळा बघितला, मग ते आईकडे न बघता बोलले. वाडीत तुम्ही सांगितलंत की कोयती तुमच्याच हातात होती. मी बाजूला उभी राहून ते ऐकलं. पण तुमच्याशी खोटं बोलले नाही. दवाखान्यातच सांगितलं, आबा, मला ऐकू आलं होतं. तुम्ही म्हणालात, "म्हायती हाय मला. रडून डोळा येनार हाय काय?" त्या घावाची माफी मला तिथेच मिळाली. हे पत्र त्याचं नाही.

दुसऱ्या वर्षी तुम्ही पुन्हा बांबू काढलात. डाव्या डोळ्याला उजेड आणि सावली एवढंच कळायचं. तुम्ही बोटांनी जाडी मोजत, काचेच्या तुकड्याने पोट खरवडत आठ दिवस बसलात. बोटं कापली की तोंडात घालायची आणि पुन्हा काच उचलायची. मी शाळेतून आले की ते बघायचे आणि माझ्याच्याने काही व्हायचं नाही. आठव्या दिवशी तुम्ही कमठा खुंटीला लावून दोरी ओढलीत. "बाय, बग गो, सारका वाकतो काय? माजी बोटं सांगतायत डावी बाजू ताठ हाय."

डावी बाजू ताठ होती, आबा. उजवी वाकून अर्धगोल झाली होती आणि डावी हटून बसली होती. पण तुमच्या बोटांच्या चिंध्या झालेल्या मला दिसत होत्या. अजून दोन दिवस त्या काचेखाली ती बोटं जायला नको होती. मी म्हटलं, सारखा आहे. तुम्ही डाव्या बाजूवरून एकदा अंगठा फिरवलात आणि दोरी सोडलीत.

पंधरा दिवसांत तो कमठा नेणारा बागायतदार मोडलेले तुकडे घेऊन आला. भला माणूस, रागावला नाही, नुसता दाखवायला आला होता. उजवी बाजू मुठीपाशी तुटली होती, सगळा ताण तिच्यावरच आलेला. तुम्ही दोन्ही तुकडे मांडीवर घेऊन चाचपलेत आणि माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड केलंत. "बाय, सारकी होती ना दोनी बाजू?"

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. पण तुमचा डोळा मीच घेतला होता. त्याच्या बदल्यात उसना दिलेला माझा डोळाही खोटा निघाला, हे त्या माणसासमोर कसं सांगू? मी म्हटलं, हो, सारख्याच होत्या. तुम्ही बराच वेळ हाताचे तळवे एकमेकांवर चोळत बसलात. मग म्हणालात, "मग माजी बोटंच मेली." माळ्यावरचे उरलेले बांबू तुम्ही आईला चुलीत घालायला सांगितलेत. पुढची चार वर्षं, जाईपर्यंत, तुम्ही पडवीत बसून होतात. कुणी कमठा मागायला आलं, तर बोटांत काही राहिलं नाही म्हणून परत पाठवायचात. मी आतून ऐकायचे. रोज वाटायचं उद्या सांगू, आणि उद्या आला की भीती वाटायची.

हे कुठे पाठवायचं मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी पाठवलं असतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तुमची बोटं बरोबर होती, आबा.