ब्याऐंशी किलोंच्या स्की

२ नोव्हेंबर, रविवार
ठरलं. १४ मार्चला स्कारफ्येलची स्कीची शर्यत. बेचाळीस किलोमीटर. नाव नोंदवलं. फॉर्ममध्ये 'अपेक्षित वेळ' असा रकाना होता, तिथे साडेतीन तास लिहिलं. मग वाटलं, उगाच कशाला नम्रपणा. तीन पंचवीस केलं.

गुन्वोर बाहेर लाकडं रचत होती. तिला सांगितलं. म्हणाली, "गेल्या वेळी तुला किती लागले होते?"

गेल्या वेळी म्हणजे नऊ वर्षांपूर्वी. चार तास पन्नास मिनिटं. पण त्या दिवशी वारा होता, ती वेळ धरायची नसते. माझी बायको फार तपशिलात शिरते.

आजपासून ब्राऊन चीज बंद. उद्यापासून. थोडंसं उरलंय, वाया जाईल.

५ नोव्हेंबर
नगरपालिकेत आज पाइपलाइनीची एकही तक्रार नाही. सरावाचा तक्ता बनवला. चार रंगांत. आठवड्याला पाचशे मिनिटं. या आठवड्याची शून्य भरतील, कारण तक्ता बनवण्यातच वेळ गेला. नियोजन हाही सरावच.

८ नोव्हेंबर, शनिवार
नव्या स्की घेतल्या. अप्रतिम. काळ्या, वर लाल रेघ.

दुकानातल्या मुलीने विचारलं, "वजन किती?"

माझ्या मागे शेजारच्या बोरगिल्डबाई लोकरी मोजे घेऊन उभ्या होत्या. वय बहात्तर, कान शाबूत. मी म्हणालो, "ब्याऐंशी."

"कपड्यांसकट?"

"हो."

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या काट्याकडे. "इथे काटा आहे, हवं तर बघून घ्या."

"मी आज सकाळीच बघितलंय," मी म्हणालो. हे खरं आहे. काय बघितलं ते तिने विचारलं नाही. (पंचाण्णव.)

मग तिने शांतपणे समजावलं. स्कीला मधे कमान असते, ती वजनानुसार निवडायची. घसरताना मधला भाग बर्फापासून वर राहायला हवा, पाय दाबला की तेवढ्यापुरता टेकायला हवा. तिथे चिकट मेण लावतात, त्याच्या जोरावर माणूस चढतो. वजन जास्त आणि कमान मऊ असली, तर ते मेण सारखं घासत राहतं. "ब्रेक दाबून गाडी चालवल्यासारखं," ती म्हणाली.

हे सगळं मला माहीत आहे. पण मार्चपर्यंत माझं वजन ब्याऐंशी होणारच आहे. आत्ताच्या वजनाच्या स्की घेतल्या असत्या तर तेव्हा त्या ताठ पडल्या असत्या. लोक इतका पुढचा विचार करत नाहीत.

१६ नोव्हेंबर
बर्फ नाही म्हणून चाकांच्या स्कीवर रस्त्याने गेलो. चढावर झकास. उतारावर लक्षात आलं की ब्रेक हा प्रकार त्यांना नसतो. बसथांब्यामागच्या गवतात थांबलो.

बोरगिल्डबाई कुत्रा फिरवत होत्या. "आर्नफिन, मुद्दाम पडलास की आपोआप?"

मुद्दाम, म्हणालो. पडण्याचंही तंत्र असतं.

कुत्र्याने मला चाटलं. उजवा कोपर सुजला आहे. चार दिवस विश्रांती. तक्त्यात विश्रांतीसाठी निळा रंग आहे, तो फार शांत दिसतो.

२९ नोव्हेंबर
बर्फ पडला. दिव्यांच्या ट्रॅकवर नव्या स्कींचा पहिला दिवस. उतारावर बोरगिल्डबाई माझ्या बाजूने पुढे गेल्या. तीस वर्षांपूर्वीच्या स्की. काठ्या काखेत. काही न करता, नुसत्या उभ्या.

उतारावर वजनदार माणूस वेगाने जातो, असं वाचलं होतं. म्हणजे मी बहुधा फारच बारीक झालोय.

७ डिसेंबर
इंगविल्डचा ट्रोम्सोहून फोन. वीस वर्षांची झाली, दुसरं वर्ष चालू आहे. जहाजांचं इंजिनियरिंग. हे मी ऑफिसात आठवड्यातून एकदा तरी सांगतो.

तिनेही शर्यतीत नाव घातलंय. "बाबा, आपण बरोबर जाऊया ना. लहानपणी जायचो तसं. मधे थांबून संत्रं खाऊ. गप्पा मारू."

मी तिला नीट समजावलं. शर्यत ही शर्यत असते. माझा गट तीन पंचवीसचा. मी थांबलो की माझी लय तुटते.

ती मग म्हणाली, "बरं. मी माझी माझी जाईन."

समजूतदार पोर. गुन्वोर जेवताना माझ्याशी बोलली नाही. दमली असावी.

२६ डिसेंबर
नाताळ. डुकराच्या बरगड्या, वरची खरपूस साल. सोन्यासारखी कुरकुरीत. ऊर्जा साठवणं महत्त्वाचं. वजनकाट्याची बॅटरी काढली. टॉर्चला हवी होती.

इंगविल्ड आली आहे. रोज सकाळी स्की करायला जाते. आज दारात बूट घालून उभी होती. "येतोस?" मी सोफ्यावर तंत्राचे व्हिडिओ बघत होतो, म्हणून नाही गेलो. शेवटी ती बोरगिल्डबाईंबरोबर गेली. खिडकीतून दिसत होत्या. इंगविल्ड काहीतरी सांगत होती आणि म्हातारी चालायची थांबून ऐकत होती. दोघींचा तंत्राचा अभ्यास काहीच नाही.

१८ जानेवारी
गुन्वोरने मोबाइलवर माझा व्हिडिओ काढला. एका पायावर पूर्ण भार, मग लांब घसरण, मग दुसरा पाय, हे सगळं मी करतो. मला आतून ते स्पष्ट जाणवतं. व्हिडिओत मात्र एक माणूस बस गाठायला निघालाय आणि बसचा नंबर त्याला आठवत नाहीये, असं दिसतं.

मी म्हणालो, "स्लो मोशन बंद कर."

ती म्हणाली, "स्लो मोशन नाहीये."

८ फेब्रुवारी
उणे चोवीस. फुप्फुसांना धोका. घरी राहिलो. वॉफल.

२२ फेब्रुवारी
सर्दी. आजारपणात वजन उतरतं, ही एक जमेची बाजू. काट्याला परत बॅटरी घातली. सत्त्याण्णव. काटा बिघडला आहे. थंडीने होतं असं.

तक्त्याची बेरीज केली. ठरवलेली मिनिटं आठ हजार. झालेली नऊशे चाळीस. त्यात मेण लावण्याचा, दुकानात जाण्याचा आणि तक्ता रंगवण्याचा वेळ धरला आहे. आकडा लहान दिसतो, पण प्रत्येक मिनिटाचा दर्जा उत्तम होता.

१३ मार्च, शुक्रवार
इंगविल्ड दुपारच्या गाडीने आली. गालफडं बसली आहेत. अभ्यास जास्त असेल.

तळघरात मी मेण लावत होतो. हवामान अवघड आहे. शून्याच्या आसपास, कडक थरावर ओला बर्फ. इंगविल्ड म्हणाली, "उद्या क्लिस्टर लागेल." म्हणजे ट्यूबमधला तो डिंकासारखा चिकट प्रकार, जो बोटांना, दाराला आणि कुत्र्यांना लागतो. मी म्हणालो, नको, साधं मेण पुरे, माझ्या पायाचा रेटा जोरदार आहे.

मग तिने मला माझ्या नव्या स्कींवर उभं केलं आणि खालून कागद सरकवायला गेली. कमान बरोबर असेल तर कागद मोकळा हलतो.

"बाबा, कागद हलत नाहीये."

"जाड कागद आहे."

"वर्तमानपत्र आहे, बाबा." तिने वर बघितलं. "दुकानात वजन किती सांगितलं होतंस?"

मी तिला हवामानाचा ताजा अंदाज वाचून दाखवला.

ती जेवायला गेली. जाताना म्हणाली, "मी उद्या शेवटच्या गटातून निघणार आहे." मला जरा वाईट वाटलं. माझी मुलगी, आणि महत्त्वाकांक्षा अजिबात नाही.

१४ मार्च, सकाळी ५.४०
ओट्सची खीर. नाडी उत्तम. नंबर छातीवर लावला. गुन्वोरला सांगितलं, शेवटच्या रेषेवर पावणेबाराला उभी राहा, उशीर करू नकोस.

१४ मार्च, संध्याकाळी ७.००
आज लिहीत नाही.

१५ मार्च, रविवार
जिना उतरता येत नाही, त्यामुळे वरच्या खोलीत बसून लिहितो आहे.

पहिल्या तीन किलोमीटरमध्ये माझा गट पुढे गेला. मग चारचा गट गेला. मग साडेचारचा. सगळे फार सभ्यपणे "डावीकडून, डावीकडून" म्हणत होते. नवव्या किलोमीटरला पायाखालचं मेण संपलं. घासून घासून गेलं, दुकानातल्या त्या मुलीने सांगितलं होतं तसंच. मग चढ लागला. एक पाऊल पुढे, दीड मागे. शेवटी पाय फाकवून, बदकासारखा, सात किलोमीटर चढलो. एक बाई थांबून म्हणाली, "बरं वाटतंय ना तुम्हाला?" मी म्हणालो, "लय राखतोय."

सतराव्या किलोमीटरला, जिथे झाडी संपते, तिथे मागे वळून पाहिलं तर लांबून लाल टोपी येताना दिसली. गुन्वोरने विणलेली. इंगविल्ड.

मी ट्रॅकवरून बाजूला झालो. एका बुटक्या बर्चमागे वाकलो, टोपी डोळ्यांवर ओढली आणि बुटाची नाडी सोडून परत बांधायला लागलो. हे मी दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. ती गेली. मी फक्त तिची पाठ पाहिली. एका पायावर उभी राहायची, लांब घसरायची, मग दुसऱ्यावर. काही आवाज नाही. ती एवढं सुरेख कधीपासून चालायला लागली, मला माहीत नाही. मी सोफ्यावर होतो तेव्हा असणार.

चोविसाव्या किलोमीटरला खाण्यापिण्याचं ठाणं. मी पोचलो तेव्हा स्वयंसेवक टेबलं घडी करत होते. एका उलट्या खोक्यावर इंगविल्ड बसली होती. अंगावर कोणातरी स्वयंसेवकाचं जाकीट. ओठ निळे. एक तास दहा मिनिटं बसली होती.

म्हणाली, "बांधून झाला बूट?"

मी म्हणालो, "तू कशाला थांबलीस? तुझी वेळ गेली."

"माझीच आहे ना. मी बघीन काय करायचं ते."

तिने ब्लूबेरीच्या सुपाचा कप हातात दिला. तळाचं उरलेलं, कोमट. मी उभ्यानेच प्यायलो आणि म्हणालो, "सत्त्याण्णव."

"माहीत आहे," ती म्हणाली. "स्की काढ."

तिच्या पट्ट्याच्या पिशवीत क्लिस्टर होतं. ट्यूब थंडीने घट्ट झाली होती आणि तिची बोटं वळत नव्हती. मी ट्यूब काखेत धरून ऊब दिली. मग तिने दोन्ही स्कींना लांब पट्टा लावला. "उतारावर घासणार. पण चढावर मागे सरकणार नाहीस. दोन्ही नाही मिळणार आता."

उरलेले अठरा किलोमीटर आम्ही शेजारी शेजारी गेलो. ती माझ्या वेगाने. तिसाव्याला ती म्हणाली, "बाबा, मी कॉलेज सोडलं. ऑक्टोबरमध्येच. मी एका बेकरीत काम करते, पहाटे चारला जाते."

मी काही बोललो नाही. शहाणपणामुळे नव्हे. मला दम लागला होता. तोंडातून शब्द निघाला असता तर मी तेव्हाच तीन-चार वाक्यं बोललो असतो. बेकरी, भविष्य, जहाजं, आणि मी ऑफिसात आता काय सांगू. पण श्वासच नव्हता, म्हणून ती बोलत राहिली. सांगायला घाबरत होती. घरात समोरासमोर बसून सांगता आलं नसतं, चालताना सांगता येतं, म्हणून डिसेंबरमध्ये बरोबर जाऊया म्हणाली होती. तेव्हा मी 'लय तुटते' म्हणालो होतो.

पस्तिसाव्याला थोडा सपाट भाग आला. मला एका वाक्यापुरता श्वास मिळाला. बराच विचार केला. विचारलं, "पाव चांगला होतो का?"

ती हसली. मग रडली. मग म्हणाली, "आधी नव्हता होत. आता होतो."

रेषेवर पोचलो तेव्हा माणसं तिथल्या फुगवलेल्या कमानीतली हवा सोडत होती. एक बाजू आधीच लोंबत होती. गुन्वोर तिथे पावणेबारापासून उभी होती. किती वाजले होते ते तिने सांगितलं नाही. तिने आधी इंगविल्डकडे पाहिलं, इंगविल्डने मान डोलावली, आणि मला समजलं की हिला ऑक्टोबरपासून माहीत आहे. बहुधा बोरगिल्डबाईंनाही. कुत्र्यालाही.

१७ मार्च, मंगळवार
निकाल इंटरनेटवर लागला. शर्यत पूर्ण करणारे सहाशे अठरा. इंगविल्ड सहाशे सतरावी. मी सहाशे अठरावा. सहा तास एकेचाळीस मिनिटं बारा सेकंद. रेषेवर ती सहा सेकंद आधी.

ऑफिसात सगळ्यांनी पाहिला. मी सांगितलं, शेवटच्या शंभर मीटरला मीच तिला म्हणालो, तू हो पुढे. बाप आहे शेवटी. सगळ्यांना ते फार आवडलं. लेखा विभागातल्या बाईंनी डोळे पुसले.

मी तसं काही म्हणालो नव्हतो. रेषेवरची कमान दिसल्यावर मी तिला मागे टाकायला जोर लावला होता. होता तेवढा सगळा.