खोकं नंबर एक

२ जानेवारी, सकाळी ७.१५
आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही. यंत्रांच्या या धुमाकुळात एक माणूस तरी डोकं ठिकाणावर ठेवून होता, याची नोंद राहावी म्हणून.
क्लिनिकमध्ये काल स्कॅनर आला. ज्युनिअरने आणवला. ज्युनिअर म्हणजे माझी एकेकाळची विद्यार्थिनी, आता पार्टनर. तोंडात एक कांडी फिरवायची, की स्क्रीनवर सगळे दात रंगीत उगवतात. पेशंट खूश होऊन काहीबाही बोलतो. माझ्या पद्धतीत मापाचा ट्रे गुलाबी लगद्याने भरून तोंडात बसवतात, त्यामुळे पेशंट बोलत नाही. क्लिनिकमध्ये शांतता हवी.
संकल्प: कांडीला हात लावायचा नाही. सप्टेंबरच्या असोसिएशनच्या सभेत भाषण द्यायचं, विषय ‘हात आणि डोळा’. चिडायचं नाही. शिवाय बायकोची, दात जागचे हलू नयेत म्हणून रात्री घालायची प्लेट तुटलेली आहे, ती नवीन करून द्यायची. याच आठवड्यात.

९ जानेवारी
चिडलो.
ज्युनिअर म्हणते, प्लास्टरची खोली रिकामी करून तिथे प्रिंटर ठेवू. त्या खोलीत माझी अठ्ठावीस वर्षं आहेत. प्रत्येक पेशंटच्या दातांचे प्लास्टरचे साचे, प्रत्येकाचं खोकं, खोक्यावर नंबर. मी तिला बजावलं, मी हात लावलेलं तोंड मी चेहऱ्याशिवाय ओळखतो, नुसते दात दाखव. ती म्हणाली, खरंच सर? म्हटलं, कधीही परीक्षा घे. मान हलवून कामाला लागली. पटलं असावं.
खोकं नंबर एक बायकोचं. लग्न झालं तेव्हा क्लिनिक होतं, पेशंट नव्हता. हिचे खालचे दात एकमेकांवर चढलेले. म्हटलं, चल. आली बिचारी. दोन वर्षं तारा लावल्या, एकेक तार पकडीने हातानं वळवली. बाकीची खोकी गेली तर गेली, हे जाणार नाही.
प्लेट राहिली. पुढच्या आठवड्यात.

२१ जानेवारी
हिचं बोलणं बदललंय. ‘स’ म्हणताना जीभ अडखळते. निदान: सर्दी. मिठाच्या गुळण्या सांगितल्या. ताबडतोब बाथरूममध्ये गेली. इतकी आज्ञाधारक पेशंट क्लिनिकमध्ये एक नाही.

४ फेब्रुवारी, दुपारी
विजय. दिवसभर घोट घोट चहा पिऊन दातांची वाट लागते, हे मी हिला लग्नापासून सांगतोय. आता ती फक्त दोनदा पिते, तोही एका दमात, आणि लगेच ब्रश करायला जाते. जेवल्यावरही ब्रश. मध्ये तोंडात काही टाकत नाही. विचारलं तर म्हणाली, तुमचं ऐकतेय. अठ्ठावीस वर्षं लागली, पण संस्कार लागतातच.
सर्दी अजून आहे.

२६ फेब्रुवारी
एका पेशंट मुलीच्या आईने विचारलं, तारांऐवजी त्या पारदर्शक प्लेट चालतील का. अलाइनर. मी वीस मिनिटं समजावलं. तारेला डॉक्टरचा हात लागतो, प्लेट पेशंटच्या मर्जीवर, खातापिताना काढायची, दात घासून परत घालायची. बाईंना पूर्ण पटलं. मग त्या मुलीला घेऊन ज्युनिअरच्या खोलीत गेल्या. बहुधा पाणी प्यायला.

१८ मार्च
ज्युनिअरने सॉफ्टवेअर दाखवलं. ट्रीटमेंट सुरू होण्याआधीच शेवट दिसतो. दात पायरी पायरीने सरकत जागेवर जाऊन बसतात. मी विचारलं, हे दातांना कोण सांगणार? तिच्याकडे उत्तर नव्हतं, म्हणजे होतं, पण ते आकडेवारीचं होतं.
पेशंट घरूनच मोबाईलवर दातांचे फोटो पाठवतात. ठीक असेल तर येऊ नका असा निरोप जातो. असं क्लिनिक मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. सोमवारी माझ्याकडे तीन पेशंट होते. एक चुकून आला होता, दुसऱ्या मजल्यावरच्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं होतं त्याला. तरी त्याचे दात बघून घेतले.

५ एप्रिल, रविवार
बायको मोबाईल घेऊन बाथरूममध्ये जाते आणि आतून कडी लावते. दर दहा दिवसांनी. व्यसनाची सुरुवात अशीच होते. मोबाईलच्या दुष्परिणामांवरचं कात्रण फ्रिजवर लावलं. वाचून हसली, तोंडावर हात धरून. गेली काही वर्षं हसताना हात धरते. जुनं वळण असावं.
रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या, अलाइनर घातलेले कळतसुद्धा नाहीत. म्हटलं, तुम्हाला कळत नसतील. मी रस्त्याच्या पलीकडून ओळखतो.
प्लेट: या रविवारी करणार होतो. पुढच्या.

११ मे
बाथरूमच्या फळीवर एक लहान निळी डबी. काय आहे विचारलं तर म्हणाली, उघडू नका. ओळखलं. कॉन्टॅक्ट लेन्स. चष्माही घालते, पण तो सवय होईपर्यंत असेल. या वयात बाईमाणसाला थोडी हौस वाटते. चिडवलं नाही. माझ्यासारखा समजूतदार नवरा शोधून सापडणार नाही.

३० जून
प्लास्टरची खोली रिकामी केली. मी माझ्या खोलीत दार लावून भाषणाची तयारी करत होतो. पोती घासत नेल्याचा आवाज येत होता. आत काहीतरी फुटत होतं. दोन तास एकाच परिच्छेदावर होतो.
वाईट वाटलं. लिहून टाकतो, म्हणजे उद्या परत वाटणार नाही.
खोकं नंबर एक काखेत मारून घरी आणलं. हिने विचारलं, यात काय. म्हटलं, तुझे दात. म्हणाली, कपाटावर ठेवा. मला वाटलं होतं उघडून बघेल.

१९ जुलै
स्वतःला बजावतो: आपले पेशंट कमी झालेले नाहीत. आपण निवडक झालो आहोत.

१७ ऑगस्ट
सासूबाईंच्या वाढदिवसाला सगळ्यांचा फोटो. ही चक्क तोंड उघडून हसली, हात न धरता. सासूबाईसुद्धा बघत राहिल्या. फोटो काढण्याच्या क्षणी मी विनोद केला होता, त्यामुळे. माझा विनोद आता मुरायला लागलाय.
सर्दीही गेली.

१४ सप्टेंबर, संध्याकाळी ६
सभा. माझा दिवस.
ही मुद्दाम भाषण ऐकायला आली, मागच्या रांगेत बसली. माझ्या आधी ज्युनिअर. पडद्यावर एक केस. पन्नाशीची बाई, चेहरा नाही, नुसते दात. ज्युनिअरने सांगितलं, पूर्वी कधीतरी हातानं वळवलेल्या तारा लावून दात सरळ केले होते. नंतर रात्रीची प्लेट तुटली, नवीन मिळाली नाही. खालचे दात पुन्हा एकमेकांवर चढले. आता आठ महिने अलाइनर, आणि हे बघा.
दात खरंच सरळ होते. म्हणूनच मला उठावं लागलं. म्हटलं, यात तारेचा दोष नाही, डॉक्टरचा आहे. प्लेट तुटली तर नवीन करायला अर्धा तास लागतो. अर्धा तास! ज्याला आपल्या पेशंटसाठी तेवढा वेळ काढता येत नाही, त्याने पकड खाली ठेवावी. अशाच लोकांनी आमच्या तारा बदनाम केल्या. हॉलमध्ये टाळ्या पडल्या.
ज्युनिअर खाली मान घालून उभी. मग तिने हळूच विचारलं, सर, तोंड ओळखीचं वाटतंय का? म्हटलं, असलं काम करणारा डॉक्टर माझ्या ओळखीत नाही. हशा.
त्यानंतर माझं भाषण. उत्तम झालं. अकरा जण होते. बाकीचे चहाला बाहेर गेले होते, पण तिथवर आवाज जात असणार. ही मात्र ज्युनिअरची केस संपल्यावर उठून घरी गेली. गर्दीचा त्रास होतो तिला.
उद्यापासून: भाषणाचा लेख करायचा. हिची प्लेट करायची. नक्की.

१५ सप्टेंबर, सकाळी ८.४०
लेखाला फोटो हवा म्हणून कपाटावरून खोकं नंबर एक काढलं. डायनिंग टेबलवर साचे मांडले. शेजारी सभेची पुस्तिका, ज्युनिअरची केस उघडून. तिचं काम आणि माझं काम, वाचकांनीच तुलना करावी असा बेत.
डावीकडच्या खालच्या सुळ्याला बारीक टवका आहे. प्लास्टरवर. लग्नाच्या पहिल्या वर्षी ही दातानं बाटलीचं झाकण उघडायला गेली होती, मी ओरडलो होतो.
पुस्तिकेतल्या फोटोतही आहे. तीनदा बघितला. चष्मा पुसून चौथ्यांदा.
बाथरूममधली निळी डबी उघडली. पारदर्शक प्लेट, अलाइनर. प्लास्टरवर बसवून बघितली. तारा काढल्या त्या दिवशीचा साचा, माझा सरळ केलेला. तीन दातांवर बसली, चौथ्यावर अडली. म्हणजे तेव्हाही पूर्ण सरळ नव्हते.
ही चहाचा कप घेऊन दारात उभी होती. विचारलं, केस दाखवायला परवानगी कुणी दिली. म्हणाली, मीच. तुम्ही कुठलंही तोंड ओळखता ना, म्हणून.
विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, दात फिरायला लागले त्याला सहा वर्षं झाली. रोज समोर बसून जेवता. प्लेट मागितली तेव्हा तोंडात बघाल असं वाटलं होतं. मग विचार केला, वाकडे होताना दिसले नाहीत, ते सरळ होताना काय दिसणार.
चिडली असती तर बरं झालं असतं. चिडलेली नव्हती. ‘स’ अगदी स्वच्छ होता.
मग म्हटलं, दाखव बघू. तिने कप टेबलावर ठेवला, खिडकीशी जाऊन उजेडाकडे तोंड केलं आणि आ केला, अनोळखी डॉक्टरपुढे करतात तसा. बघितलं. फार चांगलं काम झालंय. माझ्याच्याने झालं नसतं.
थोड्या वेळाने तिने बोटाने खूण करून विचारलं, झालं का, मिटू का तोंड?
मी हो म्हटलं.