चहाच्या आधीची गोळी

१२ मार्च २००६, रविवार
दिवाळीनंतर इथे एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफी मागतो. कोणाची मागतो ते कळत नाही, कारण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. पण मागितलेली बरी.

आळस हे कारण नव्हतं. हे आता रक्त तपासून सिद्ध झालं आहे. चार महिने मी ऑफिसात फायलीवर पेंगत होतो. सगळे पंखा लावत तेव्हा मी स्वेटर घालत होतो. सकाळी चेहरा असा सुजलेला की मैत्रेयी म्हणाली, बाबा, तुम्ही रात्री रडता का. डॉ. माथुर म्हणाले, थायरॉइड कमी पडतंय. पन्नासची गोळी रोज सकाळी, उपाशीपोटी. नंतर निदान अर्धा तास चहासुद्धा नाही. मी विचारलं, किती दिवस? ते हसले. म्हणाले, उमाकांतजी, दिन नहीं, आदत बनाइए.

उद्यापासून सुरू. माझ्यासारख्या शिस्तीच्या माणसाला यात अवघड काही नाही.

१३ मार्च
जाग आली तेव्हा रमा चहाचा कप घेऊन उभी. ती कप घेऊन उभी असताना गोळी शोधणं बरं दिसलं नाही. चहा घेतला. मग पोट उपाशी राहिलं नाही, तेव्हा आज गोळी घेणं नियमाला सोडून झालं असतं. नियम मोडण्यापेक्षा गोळी चुकलेली बरी.

उद्या नक्की.

१६ मार्च
काल धुळवड. सणाच्या दिवशी कोण औषध सुरू करतं? आज सगळी कॉलनी झोपून आहे, मीही.

१९ मार्च
स्वतःशी प्रामाणिक राहायचं तर खरं कारण लिहायला हवं. चहा हे खरं कारण नाही.

मी सतरा वर्षं विमा कंपनीत आहे. विमा मागणाऱ्याचे कागद माझ्याकडे येतात. तब्येत धडधाकट असेल तर साधा हप्ता. कायमचं औषध चालू असेल तर मी समासात लाल शाईने लिहितो, ‘सब-स्टँडर्ड लाइफ’, आणि हप्ता वाढवतो. यात कोणाचा अपमान नसतो. हा आमचा कामकाजाचा शब्द आहे. शेकडो लोकांना मी तो निर्विकारपणे लावला आहे.

आज दाढी करताना आरशातल्या माणसाच्या समासात तो शब्द दिसला.

आता तर्क असा. गोळी रोज घेतली तर मी कायम औषधावरचा माणूस. अधूनमधून घेतली तर नाही. म्हणजे आजार आहे, पण मी त्या वर्गात जात नाही. हे पळ काढणं नाही ना? बराच विचार केला. नाही.

२ एप्रिल
पद्धत बसवली. सोमवार आणि गुरुवार गोळी. बाकीचे दिवस ग्रंथीला स्वतः काम करू द्यायचं. सतत मदत मिळाली की कोणीही सुस्तावतं. आमच्या सेक्शनमध्ये हे रोज पाहतो.

रमाला तपशील सांगितला नाही. ती रोज विचारते, गोळी? मी म्हणतो, हो. हा ‘हो’ गोळी आहे अशा अर्थाचा. बाटली ऑफिसच्या बॅगेत आहेच.

६ एप्रिल, गुरुवार
विसरलो.

२४ एप्रिल
फेरतपासणी. थायरॉइड कमी पडलं की टीएसएचचा आकडा चढतो. तो खाली यायला हवा होता, वर गेला. डॉ. माथुरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, रेग्युलर ले रहे हैं ना? रमा शेजारच्या खुर्चीत. मी म्हणालो, जी, नियमित.

त्यांनी शंभरची लिहून दिली.

सकाळपासून ‘नियमित’ या शब्दावर विचार करतोय. नियमित म्हणजे नियमाप्रमाणे. सोमवार-गुरुवार हा नियमच आहे. तो माझा आहे, त्यांचा नाही, एवढाच फरक. खोटं बोललो असं म्हणता येणार नाही. तरी जेवण गेलं नाही.

११ मे
चव्वेचाळीस डिग्री. मला बरं वाटतं, कारण थंडी वाजत नाही. बाकी अंगात शिसं ओतल्यासारखं. जिना चढून ऑफिसात पोचलो की पहिला अर्धा तास खुर्चीतच जातो.

बस्सीची केस. नवऱ्याला आधीपासून ब्लडप्रेशर होतं, विमा घेताना सांगितलं नाही, सहा महिन्यांत गेला. बायकोचा दावा नाकारावा अशी शिफारस केली. ती समोर बसली होती. म्हणत होती, साब, डर के मारे नहीं बताया होगा। मी समजावलं, बाईजी, महत्त्वाची गोष्ट दडवली की आमचे हात बांधलेले असतात. ती गेल्यावर शेजारच्या शेखावतांना म्हणालो, लोक अशा गोष्टी दडवतात तरी का, मला कधी समजलं नाही. शेखावत म्हणाले, आप चाय पीजिए.

१० जून, शनिवार
महाराष्ट्र मंडळात गाण्याचा कार्यक्रम. मी पहिल्या रांगेत झोपलो. घोरलो, असं मैत्रेयीचं म्हणणं. घरी येताना ती म्हणाली, बाबा, मतलब, मला लाज नाही वाटली, भीती वाटली. तुम्ही हलवूनसुद्धा उठत नव्हता.

रमा स्वयंपाकघरात भांडी आवरताना थांबली. हे वाईट लक्षण.

१२ जून
आकडा आणखी वर. डॉ. माथुर बुचकळ्यात. शंभरवरसुद्धा उतरत नाही म्हणजे काय? पुन्हा विचारलं, खाली पेट? चाय के पहले? रोज़?

रमाच म्हणाली, जी डॉक्टर साहब, इनका सब टाइम से होता है। अभिमानाने म्हणाली. त्यानंतर माझ्याच्याने तोंड उघडवेना. तिला खोटं पाडणं नवऱ्याला शोभत नाही.

दीडशे लिहून दिली. बाहेर स्कूटरपाशी रमा म्हणाली, अहो, आणखी मोठं काही नसेल ना? आणि पदराने चष्मा पुसत राहिली. चष्मा स्वच्छ होता.

बस. आता खेळ पुरे. दीडशे तर दीडशे. समासात काय लिहायचं ते लिहू देत.

१४ जून
खरोखर सुरू केलं. पहाटे पाण्याबरोबर दीडशेची गोळी, चहा नंतर. रमाला सांगितलं, अर्ध्या तासाने आण. ती बघतच राहिली. म्हणाली, इतके दिवस तर लगेच पीत होतात? मी म्हणालो, डॉक्टरांनी काल फोनवर वेळ बदलून दिली. हे शेवटचं खोटं.

एक गोष्ट सुचली. मार्चपासून ज्या गोळ्या राहिल्या त्यांचं काय? महागाई भत्ता मागाहून जाहीर झाला तरी मागच्या तारखेपासून मिळतो. शरीराचंही तेच असणार, त्याचंही येणं आहे. रोज संध्याकाळी एक जास्तीची, मागची बाकी फेडण्यासाठी. दोन-तीन महिन्यांत हिशेब चुकता.

डॉक्टरांना विचारावं का? विचारलं तर बाकी कुठून आली हेही सांगावं लागेल.

३० जून
गुण आला! पहाटे आपोआप जाग. ऑफिसात साचलेल्या फायली संपवल्या, शेखावतांच्याही. जिना दोन-दोन पायऱ्यांनी. पँट सैल. रमाला म्हणालो, बघ, नवा माणूस. ती म्हणाली, नवा आहे खरा, पण जरा हळू बोलता का, काही कळत नाही.

मार्चमध्येच नीट सुरू केलं असतं तर? असा प्रश्न क्षणभर मनात आला. पण मग एवढा उत्साह एकदम अनुभवायला मिळाला नसता.

५ जुलै
खूप गरम होतंय. सगळ्यांनाच होतंय, पण मला कूलरसमोर बसूनही घाम. झोप नाही. छातीत कोणी तबल्याचा रियाझ करतंय. शरीर बाकी वसूल करतंय, चांगलं आहे. वजन उतरलं.

मैत्रेयीला बारावीच्या फिजिक्सवरून ओरडलो. तिने काही केलं नव्हतं. नंतर तिच्या दाराशी जाऊन उभा राहिलो, पण आत गेलो नाही.

१३ जुलै, गुरुवार
मृत्यूच्या दाव्यांचे चेक माझ्या सहीने जातात. आज बँकेतून तीन परत आले. शेरा: सही जुळत नाही.

बँकेत गेलो. म्हणालो, सही माझीच आहे. काउंटरवरचा मुलगा नम्र होता. म्हणाला, सर, मेरे सामने कर दीजिए। केली. ‘उमाकांत’मधला कांत थरथरत खाली गेला. पुन्हा केली. रांगेतले लोक बघत होते. त्याने रेकॉर्डमधली जुनी सही माझ्यासमोर ठेवली. सुरेख सही होती. कोणा धडधाकट माणसाची.

ऑफिसात सांगितलं, पेन खराब आहे. शेखावतांनी स्वतःचं पेन दिलं आणि माझ्या हाताकडे बघत राहिले.

संध्याकाळची गोळी आज घ्यावी की नाही? अर्धवट वसुली सोडणं बरोबर नाही. घेतली.

१६ जुलै, रविवार
हात अजून नीट चालत नाही. लिहायला वेळ लागतो.

मैत्रेयीला क्लासला सोडायला निघालो. सिविल लाइंसचं रेल्वे फाटक बंद होतं. गाडी यायची होती. थांबलो आणि छातीतलं ते सुरू झालं, पण आज ताल नव्हता. दोन ठोके, मग काहीच नाही, मग एकदम पाच-सहा. डोळ्यांपुढे फाटकाचे लाल-पांढरे पट्टे एकमेकांत मिसळले. स्कूटर कलली. मैत्रेयीने उडी मारून हँडल धरलं आणि मला पाठीने टेकवून धरलं. मागचे हॉर्न वाजवत होते. ती त्यांच्यावर ओरडली, अंकल, दिखता नहीं क्या, मेरे पापा हैं! घरी ती मला कधी पापा म्हणत नाही.

एका रिक्षावाल्याने स्कूटर बाजूला लावली. आम्ही त्याच्या रिक्षातून परत आलो. वाटभर तिने माझं मनगट धरून ठेवलं होतं. ती नाडी मोजत होती हे मला घराजवळ आल्यावर कळलं.

रमाने दार उघडलं आणि आमच्याकडे बघून गॅस बंद करायला आत गेली. तिथून बराच वेळ बाहेर आली नाही.

१७ जुलै
डॉ. माथुरांनी हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली. ईसीजी वाचताना त्यांचा चेहरा आवडला नाही. ठोके अनियमित. महिन्यापूर्वी ज्याचा आकडा एवढा वर होता त्याला या गोळीने असं व्हायला नको, म्हणाले. म्हणजे कदाचित हृदयातच काही असेल. गोळी लगेच बंद. रक्त पुन्हा तपासायला दिलं. परवा मोठ्या हॉस्पिटलात भरती होऊन हृदयाच्या तपासण्या. पायातून हृदयापर्यंत नळी घालावी लागेल असंही म्हणाले.

मग माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, कुछ और तो नहीं ले रहे? कुछ बताना हो तो बताइए।

आता बोलायचं होतं. वाक्य तयार होतं. रमा माझ्याकडे अशी बघत होती की मी म्हणालो, जी, जैसा आपने लिखा।

शब्दशः बघितलं तर लिहिलेलंच औषध घेत होतो. पण आज शब्दशः बघूनही बरं वाटलं नाही. माणूस माझ्यामुळे चुकतोय. चांगला डॉक्टर आहे. त्याने मला निरोगी हृदयाच्या तपासणीला पाठवलं असेल, किंवा ते आता निरोगी राहिलेलं नसेल. दोन्हींचं कारण मीच.

रमाने साताऱ्याला मनोहरला फोन केला. धाकटा भाऊ माझा, रजा टाकून निघाला. मी फोनच्या शेजारीच बसलो होतो.

१८ जुलै
हॉस्पिटलने घरातली सगळी औषधं बरोबर आणायला सांगितली आहेत. म्हणून रमाने माझी ऑफिसची बॅग काढली. मी अंघोळीला गेलो होतो.

बाहेर आलो तर जेवणाच्या टेबलावर तीन बाटल्या ओळीने. पन्नासची गळ्यापर्यंत भरलेली. शंभरची तशीच. दीडशेची तळाला लागलेली. रमा खुर्चीत, हात मांडीवर. मैत्रेयी दारात.

रमाने फक्त विचारलं, या दोन भरलेल्या का?

मी सांगायला सुरुवात केली. सोमवार, गुरुवार, ग्रंथीला सवय, मागची बाकी. ऑफिसात असं टिपण पाठवलं असतं तर मंजूर झालं असतं. इथे मध्येच थांबलो. मैत्रेयी म्हणाली, बाबा, मतलब, तुम्ही घेतच नव्हता? आणि मग डबल? आणि ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचा चेहरा भलतीकडेच गेला, आणि ती आत निघून गेली.

रमा म्हणाली, मी डॉक्टरांना काय सांगितलं होतं, आठवतं? इनका सब टाइम से होता है. मी त्या माणसासमोर छाती पुढे काढून सांगितलं. अहो, गोळी नको होती तर मला म्हणायचं होतं. मी तुम्हाला चहा उशिरा दिला असता, भांडले असते, नाहीतर दोघांनी मिळून दुसरा डॉक्टर गाठला असता. मी रोज दारात उभी राहून तुम्ही जिना कसा उतरता ते बघत होते. मला वाटायचं, हे मला सोडून चाललेत आणि कोणाला कारण कळत नाही.

मी म्हणालो, मला औषधावरचा माणूस व्हायचं नव्हतं.

ती म्हणाली, मग आता काय झालात?

यावर मी तर्क शोधला.

ती उठली, तिन्ही बाटल्या पिशवीत घातल्या, पिशवी स्वतःच्या पर्समध्ये. डॉ. माथुरांना फोन केला. म्हणाली, कल भर्ती से पहले मिलना है, ज़रूरी बात है। मी खुणेने सांगत होतो की मी बोलतो, मला शब्द नीट सुचतील. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

मनोहरची आगगाडी एव्हाना कोट्याच्या पुढे आली असेल, पोचेलच. त्याला काय सांगायचं हेही रमाच ठरवणार आहे.

उद्या: डॉक्टरांसमोर रमा बोलत असताना मध्ये न बोलणे.