दुसऱ्यांच्या पेट्यांचे घर

मी, आग्नेस स्टीफन पारखे, वय सदुसष्ट वर्षे, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार मौजे खडकदरा, तालुका धारूर, जिल्हा बीड, आकाशातील पित्याला स्मरून हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. वकील राधाकिशनराव लाहोटी यांच्या सांगण्यावरून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले. गुडघे शाबूत नाहीत हे तोंडी सांगितले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. देहाविषयी. मी जिथे मरेन तिथल्या ख्रिस्ती दफनभूमीत मला पुरावे. शवपेटी साध्या लाकडाची असावी, कबरीवर संगमरवर नको. औरंगाबादच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्ही बोर्डिंगच्या मुली होतो, तेव्हा सिस्टर बेनेडिक्टा दर शनिवारी आमच्या ट्रंका उघडायला लावत. दोन झगे, कंगवा आणि प्रार्थनेचे पुस्तक यापेक्षा जास्त काही निघाले तरी त्या रागावत नसत. फक्त विचारत, "हे कोणासाठी ठेवलंस?" उत्तर आले नाही की ती वस्तू धाकट्या मुलींकडे जाई. मी एकदा निळी रिबन बुटात लपवली होती. ती माझ्याबरोबर पुरू नये. कोणत्याही शाळकरी मुलीला द्यावी.

कलम २. किरकोळ वस्तू. माझे पती स्टीफन २००१ साली प्रभूत निजले. ते गावच्या दूध सहकारी संस्थेचे सचिव होते. दुष्काळात लोकांनी जनावरे विकली, संस्था बंद पडली, आणि चेअरमन मोहनराव दुधाचे अकरा कॅन आमच्या पडवीत ठेवून म्हणाले, "असू द्या पारखे, पाऊस झाला की संस्था पुन्हा चालू करू." त्यानंतर पाऊस बऱ्याचदा झाला. कॅन अजून पडवीतच आहेत. टँकरचे पाणी भरून ठेवायला ते गावातल्या बायकांनी घ्यावेत. मोहनरावांनी मागितले तर त्यांनाही एक द्यावा.

सागवानी कपाट आणि स्टीफनची सायकल माझा पुतण्या आल्बर्ट, राहणार पिंपरी, यास द्यावी. त्याची मोजपट्टीही द्यावी. स्टीफनच्या दफनाच्या दिवशी, लोक चहा घेत असताना, आल्बर्टने त्या पट्टीने आमच्या घराची रस्त्याकडची बाजू मोजली होती आणि पट्टी खिडकीत विसरला होता. अठरा वर्षे मी ती जपली, त्याला दाखवायची म्हणून. आता दाखवायची इच्छा राहिली नाही. नुसती परत करावी.

कलम ३. राहत्या घराविषयी. मिळकत क्रमांक ८८, दगडी तीन खोल्या, पत्र्याची पडवी आणि हौद. या घरात काय काय आहे ते सांगितल्याशिवाय ते कोणाला व का दिले हे कळणार नाही.

आमच्या गावातली निम्मी माणसे दसरा-दिवाळी झाली की ऊस तोडायला कारखान्यांच्या पट्ट्यात जातात आणि पाडव्याच्या मागेपुढे परततात. मागे म्हातारी माणसे उरतात. भांडी, दागिना, कागदपत्रे कोणाकडे ठेवायची? भाऊबंदाकडे ठेवली की भांडण लागते. मी कोणाचीच भाऊबंद नाही. गावात ख्रिस्ती घर हे एकच. २००२ साली पहिली पेटी आणली ती बायनाबाई सुग्रीव मिसाळ हिने. म्हणाली, "बाई, तुमच्या येसूच्या पायाशी ठिवा. त्याला काय चोरायची गरज हाय?"

पुढच्या वर्षी नऊ पेट्या आल्या, नंतर चाळीस. प्रत्येकीवर मी नावाची चिठ्ठी चिकटवली आणि किल्ल्या दोरीत ओवल्या. सुरुवातीला मला याचा फार आनंद वाटे. एकट्या बाईवर सगळे गाव विश्वास टाकते, याहून मोठी सेवा कोणती, असे मी फादरांना पत्रात लिहिले होते. एकदा मी एकीची पेटी तिच्या नवऱ्याच्या हाती दिली आणि तिच्यातले डोरले त्याने दारूत घातले. तेव्हापासून मी नियम केला: ज्याने ठेवले त्यानेच येऊन न्यावे.

दुष्काळाच्या वर्षी जास्त लोक ऊस तोडायला जातात, म्हणून जास्त पेट्या येतात. २०१५ च्या दिवाळीनंतर माझ्या घरात हंडे, शिलाई यंत्रे, लग्नातले पलंग, विहिरींच्या मोटारी आणि देवांसकट एक देव्हारा होता. पेट्या छताला लागल्या होत्या. माझी खाट स्वयंपाकघरात आली. खाटेवरून एकाच बाजूने उतरता येई. खिडकीपुढे कोणाचे तरी कपाट उभे होते, त्यामुळे दिवस आहे की मावळला हे दारात गेल्यावर कळे.

घर सोडून एक रात्रही बाहेर राहता येत नसे. नाताळ आणि ईस्टरआधीचा पवित्र सप्ताह दोन्ही याच हंगामात येतात. अंबाजोगाईचे चर्च काही लांब नाही, तरी सतरा वर्षांत मी नाताळची मिस्सा पाहिली नाही. प्रभूचा जन्म मी दुसऱ्यांच्या ट्रंकांमध्ये बसून एकटीने गायला आहे. मला कोणी कोंडले नव्हते. किल्ल्या तर सगळ्या माझ्याच कमरेला होत्या.

कलम ४. कबुली. मृत्युपत्रात अशी कलमे नसतात असे वकिलांनी सांगितले. हे कलम राहू द्यावे अशी मी विनंती केली.

२०१६ च्या फेब्रुवारीत बायनाबाईची मुलगी सरू माझ्या दारी आली. तिला सातवा महिना होता. आई-बाप कोल्हापूरकडे उसाच्या फडात होते.

"बाई, आईच्या पेटीतले चांदीचे वाळे द्या. अंबाजोगाईला दवाखान्यात जायचंय. पोटात लई दुखतंय."

"आई आली की देईन, बाळ. नियम आहे."

"ती कशी येईल बाई? तिनंच मुकादमाच्या फोनवरनं निरोप धाडलाय."

"मग माझं तिच्याशी बोलणं करून दे."

फोन लागला नाही. सरू उंबऱ्यावर थोडा वेळ बसली. तिने पाणी मागितले, ते मी दिले. मग ती उठून गेली.

त्या वेळी माझ्या हातात सोन्याच्या पाटल्या होत्या. निवृत्तिवेतन कपाटात होते. माझे स्वतःचे काही काढून द्यावे, हे मला सुचलेच नाही. लोकांच्या वस्तू राखताना माझ्याकडेही काही आहे याचा मला विसर पडला होता, आणि नियम पाळला याचे त्या संध्याकाळी मला समाधानही वाटले. फुकट नेईल अशा गाडीची वाट पाहत सरू दिवसभर फाट्यावर बसली होती हे दुसऱ्या दिवशी कळले. ती वाचली. मूल गेले.

पाडव्याला बायनाबाई परतली. पेटी घेतली. उंबऱ्याच्या आत आली नाही. पुढच्या दिवाळीनंतर तीच पेटी पुन्हा माझ्याच दारी आणून ठेवली, कारण गावात ठेवायला दुसरे दारच नव्हते. मीही ती ठेवून घेतली.

कलम ५. घराची विल्हेवाट. मी आधी असे लिहिले होते की, माझ्या मृत्यूनंतर हे घर सावली ऊसतोड महिला सहकारी संस्थेला, जिच्या अध्यक्षा सिंधुबाई आहेत, मिळावे. राधाकिशनरावांनी ते वाचून दाखवले आणि चष्मा पुसत म्हणाले, "छान आहे. म्हणजे मरेपर्यंत राखण तुमचीच." माझ्या ध्यानात आले की मेल्यावर दिलेले घर म्हणजे मला नको झालेले घर. त्यात मी काय दिले?

म्हणून ३० सप्टेंबर २०१९ रोजी मी ते घर संस्थेला नोंदणीकृत बक्षीसपत्राने देऊन टाकले आहे. यास आल्बर्टने किंवा कोणीही हरकत घेऊ नये. औरंगाबादच्या सिस्टरांच्या वृद्धाश्रमात मला एक खाट मिळाली आहे. एकच पिशवी आणा, असे त्यांनी कळवले आहे.

घर देणे सोपे होते, किल्ल्या देणे कठीण गेले. रविवारी संस्थेच्या सगळ्या जणींना पडवीत बोलावून मी जुडगा चटईवर ठेवला. कोणी हात लावीना.

"कशापायी जाता बाई?" सिंधुबाई म्हणाली. "आमी संस्थेत रोज भांडतो. तुमी एकट्या हाव, म्हणून हितं भांडण न्हाई."

"दरवर्षी दोघींनी पाळीने गावात थांबायचं, संस्थेनं त्यांना मजुरी द्यायची. तुम्हीच ठरवलंय ना?"

"ठरवलंय. पर तुमी हाव तवर तुमीच बसा की. आमी भाकरी आणून देऊ."

"गादी बी नवी करू," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. त्यांचे प्रेम खरे होते. मला वाटले, मी आता मान डोलावणार आणि जुडगा पुन्हा कमरेला लावणार. हात पुढे गेलासुद्धा होता.

तेव्हा मागे भिंतीला टेकून बसलेली बायनाबाई उठली. म्हणाली, "जाऊ द्या बाईला. सतरा वर्सं बसल्या. आता आपलं आपण बघू." तिने जुडगा उचलला आणि सिंधुबाईच्या ओटीत टाकला. माझ्याकडे पाहिले नाही.

कलम ६. पाटल्या. सोन्याच्या दोन पाटल्या मी या कलमात बायनाबाईला लिहून दिल्या होत्या. काल तिला बोलावून ते वाचून दाखवले. राधाकिशनराव समोरच होते. साक्षीदार कोण, असे ते विचारत होते, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही हेही त्यांनी सांगितले.

बायनाबाई म्हणाली, "मंग मला साक्षीदार लिवा."

"बायना, ऐक. मग तुला पाटल्या मिळणार नाहीत."

"कळलं मला ते. म्हणून तर म्हणते."

"सरूच्या नावाने लिहिते."

"तिला मी विचारलं. ती न्हाई म्हणती." मग म्हणाली, "तुमी पाटल्या दिल्या की तुमचं मन हलकं हुईल बाई. आमचं काय हुईल?"

"मग मला माफ केलंस का?"

"ते तुमच्या येसूला इचारा. मी अंगठा द्यायला आले."

मी तिला पुन्हा आग्रह केला नाही. तिचे नाव या कलमातून खोडले आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे. पाटल्या आजच संस्थेकडे दिल्या. जिला दवाखान्यात जायचे असेल तिला त्या तात्काळ द्याव्यात. तिची आई आली आहे का, हे विचारू नये.

कलम ७. मृत्यूच्या दिवशी माझ्या पिशवीत जे निघेल ते शेजारच्या खाटेवरच्या बाईचे समजावे. अंमलबजावणी सिंधुबाईंनी करावी. फारसे काम पडणार नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

मौजे खडकदरा, बुधवार, दिनांक ९ ऑक्टोबर २०१९

(सही) आग्नेस स्टीफन पारखे

साक्षीदार १. ॲड. राधाकिशन लाहोटी, राहणार धारूर. (सही)

साक्षीदार २. बायनाबाई सुग्रीव मिसाळ, राहणार खडकदरा. (डाव्या हाताचा अंगठा)
या कागदातून मला काहीही मिळत नाही, हे मला वाचून दाखवले आहे आणि ते मला मान्य आहे.