माझ्या नावाचा फ्लेक्स लावू नये

भाकरी झाल्या होत्या, शेळीचं दूध काढून झालं होतं. दुकानाचं शटर वर करून मी यजमानांचे ब्रश रॉकेलात धूत बसले होते. त्यांची तेरावी होती, तरी सकाळचं काम हातातून सुटत नव्हतं. तेवढ्यात समोरच्या खांबावर दीर धनसिंग यांनी श्रद्धांजलीचा फ्लेक्स टांगला. तो वाचला आणि हा कागद करायचं ठरवलं.

मी, गोजरबाई वसराम राठोड, वय ६१, राहणार वारंगा फाटा, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली, माझ्या मर्जीने लिहिते. कोणाचा दबाव नाही. माझी अक्कल शाबूत आहे; शंका असेल त्याने पुढे वाचावं.

एक. माझ्यामागे राहतं घर, दुकान, शेळ्या आणि पोस्टातली शिल्लक माझी लेक निता हिची. तिला हट्टा गावी दिली आहे. धनसिंग यांचा यात वाटा नाही.

दोन. अक्षरांचे पत्र्याचे साचे आणि ब्रशही निताचेच. ही अक्षरं वसराम पेंटर यांनी उभ्या आयुष्यात घडवली. उंच, अरुंद, जाड. शेपटी नाही, नक्षी नाही. अरुंद शटरवर लांबलचक नाव बसावं आणि ट्रकवाल्याने गाडी न थांबवता वाचावं, एवढाच हिशोब. ते कडा आखायचे, आतला रंग मी भरायची. मी शाळा पाहिली नाही. भरता भरता वाचू लागले, मग रद्दीतली पुस्तकंही सोडली नाहीत.

म्हणून तो फ्लेक्स मला वाचता आला. मधोमध हात जोडलेले धनसिंग, खाली ‘भावी सरपंच’ हातभर मोठं. मयताचं नाव कोपऱ्यात, कम्प्युटरवर दोन्हीकडून चेपलेलं. वरची रेघ जाड, उभे दांडे काडीएवढे.

मी विचारलं, “भाऊजी, यांचं नाव असं काहून केलं?”

“जागा न्हाई उरली, वहिनी. फोटो मावले पाहिजेत ना.”

“मेलं कोण, तुमी का हे?”

“तुमी बी काय धरून बसल्या. इथं कोण वाचून राहिलं?”

“मी वाचून राहिले.”

ते हसले आणि पाहुण्यांना चहा सांगायला गेले. जाड अक्षर अरुंद जागेत कसं उभं करायचं, हे ज्या माणसाने सगळ्या फाट्याला दाखवलं, त्याच्याच नावाची सख्ख्या भावाने ही गत केली. हे मी माफ केलेलं नाही. मी मेल्यावर ‘तिने माफ केलं होतं’ असं कोणी परस्पर सांगू नये.

तीन. माझा फ्लेक्स लावू नये. निताने आम्हा दोघांची नावं दुकानाच्या भिंतीवर साच्याने काढावीत, सारख्या जाडीत. खाली ‘शोकाकुल’ म्हणून कोणाचं नाव नको. ज्याला दुःख असेल तो येऊन बसेल.

चार. तो फ्लेक्स धनसिंग यांचा आहे, मागितला तर द्यावा. दुसऱ्या दिवशी मी शिडी लावून तो उतरवला आणि छापील बाजू खाली करून सरपणावर झाकला.

लिहून देणार : गोजरबाई वसराम राठोड (सही स्वतःच्या हाताने)
साक्षीदार : १. मुंजाजी, टायरवाले २. शिवहार, किराणा दुकानदार
वारंगा फाटा, १२ मार्च २००७