रँक फार लवकर वाढतेय

२ मार्च
रोजनिशी एक जानेवारीपासून लिहिणार होतो. आधी पेन नव्हतं. मग पेन होतं, पण मूड नव्हता. असो. बिस्किटांच्या फॅक्टरीतलं पॅकिंगचं काम सोडलं. त्याआधी कुरियर सोडलं, त्याच्याही आधी केस कापायला शिकत होतो, ते एकाच बाजूने शिकलो. सध्या मुक्काम ताईच्या सोफ्यावर. पॅकिंगमधली तिघं मात्र सुटली नाहीत: चष्मा, पैलवान आणि मावशी. चौघांनी मिळून मोबाईलवर गोळीबाराचा गेम घेतलाय. सगळेच नवखे. ते शिफ्ट संपल्यावर एखादा डाव खेळतात. माझी शिफ्ट दिवसभर.

५ मार्च
गेममधली रँक ब्रॉन्झमधून सिल्व्हर. इतक्यात. माझ्या हातात काहीतरी दैवी आहे. ताईला सांगितलं. ती म्हणाली, त्याच हाताने ओटा पुसून घे.

७ मार्च, दुपार
काळजी लागलीय. गोल्ड जवळ आलं. गेमचा नियम असा, की गोल्डवाला आणि ब्रॉन्झवाला एका टीममध्ये खेळूच शकत नाहीत. तिघं अजून ब्रॉन्झमध्येच. मी असाच चमकत राहिलो तर ताटातूट. आणि या शहरात दुसरं कोण बोलतं माझ्याशी? ताई बोलते, पण ते बोलणं वेगळं.
निश्चय: उद्यापासून मुद्दाम हरायचं.

८ मार्च
हरताच येत नाही. मैदानाच्या मधोमध उभा राहिलो. समोरचा गोळ्या झाडतोय, सगळ्या भिंतीला. घाबरला असणार. शेवटी मोबाईल ठेवून अंघोळीला गेलो, डोक्यावरूनही घेतली. येऊन बघतो तर जिवंत. उरलेला शेवटचा शत्रू दगडाकडे तोंड करून उभा. सवयीने मारला. जिंकलो. गोल्ड.
डोळ्यात पाणी आलं. केस नीट पुसले नव्हते, तेही असेल.

९ मार्च
तिघांना फोन करून जड मनाने निरोप घेतला. मला विसरू नका म्हटलं. पैलवान गप्प राहिला, गहिवरला असावा. चष्मा म्हणाला, तो जेवतोय. मग मावशीने फोन घेतला.
"अरे वेड्या, नवख्याला आधी खोटी माणसं देतात. मशीनची. सगळ्यांनाच देतात, मन रमावं म्हणून. खरी माणसं आता भेटतील तुला."
मावशीच्या पोटात दुखेल असं वाटलं नव्हतं.

१० मार्च
पॅराशूटने उतरता उतरताच मेलो. नेट स्लो.

११ मार्च
मेलो. भावोजींचा चार्जर बरोबर नाही.

१२ मार्च
मेलो. सोफा फार मऊ, नेम हलतो. त्यापेक्षा गेमची कॉमेंट्री करावी. आवाज चांगला आहे. थोडा सराव केला. भावोजी म्हणाले, आवाज खरंच लांबपर्यंत जातो, शेजारून फोन आला होता.

१९ मार्च
परत सिल्व्हर. हे मी ठरवून करतोय, तिघांसाठी. त्याग म्हणतात तो हाच.

२६ मार्च
ब्रॉन्झ. अगदी तळाला. पोचलो एकदाचा. धावत टीममध्ये शिरायला गेलो, तर गेम घेईना. तिघांची रँक उघडून पाहिली. गोल्ड. तिघांचीही. मावशीला फोन केला. म्हणाली, तुझ्यासाठी थांबणार होतो रे, पण चष्म्याला दम निघेना.
तेव्हापासून पंखा बघत पडलोय. ताईने न मागता चहा दिला. म्हणजे तोंड फारच उतरलेलं असणार.

२६ मार्च, जरा वेळाने
बेल वाजली. दारात पॅकिंगचे सुपरवायझर. ज्यांना न सांगता काम सोडून आलो, तेच. मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. ते सोफ्याच्या टोकाशी बसले, खिशातून मोबाईल काढला आणि पांघरुणाला म्हणाले, "ती तिघं मला टीममध्ये घेत नाहीत. रँक फार खाली आहे माझी. मावशी म्हणाली, तुमच्याही खाली एक जण आहे."